घर आणि धंदा एकाच मीटरवर : वीजबिलाचा हिशेब कसा ठेवावा?

दुकानदार आपल्या गल्ल्याचा हिशेब रोज ठेवतो. कारागीर सूत, कापड, लोखंड, लाकूड मोजून घेतो आणि मोजून वापरतो. पण घराच्या भिंतीवर एक मीटर रात्रंदिवस फिरत असते, त्याचा हिशेब मात्र आमच्यापैकी फार थोडे लोक ठेवतात. महिनाअखेर बिल आले की घरात कुरबुर होते, कर्मचाऱ्याला दोष दिला जातो, उसनवार करून रक्कम भरली जाते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. हा प्रश्न केवळ घरखर्चाचा नाही. ज्याचा धंदा घरातच चालतो, त्याच्या मालाच्या किमतीत आणि नफ्यात हे बिल शिरलेले असते. म्हणून त्याचा विचार धंद्याच्या पानावर करणे आम्हाला आवश्यक वाटते.

बीडहून मांजरसुंब्याकडे जाताना बिंदुसरा प्रकल्पाजवळ लागणारे पाली गाव डोळ्यांसमोर ठेवू. अशा गावात शिंप्याचे मशीन ओसरीवर असते, किराणा दुकान पुढच्या खोलीत असते. घर कुठे संपते आणि धंदा कुठे सुरू होतो हे सांगणे कठीण. काही बांधव म्हणतात, 'परळीला आपल्याच जिल्ह्यात वीज तयार होते, मग आपल्यालाच ती महाग का?' परळीच्या केंद्राला कोळसा बाहेरून येतो आणि पाण्यासाठी धरणाकडे पाहावे लागते. फेब्रुवारी २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी ते केंद्र बंद ठेवावे लागले होते. शिवाय महावितरणचे दर गावागावांनुसार ठरत नाहीत. २००३ च्या वीज कायद्याखाली राज्य वीज नियामक आयोग ते ठरवतो आणि ते पालीला जे, तेच पुण्याला. तेव्हा दर आमच्या हातात नाही, युनिट मात्र आमच्या हातात आहेत.

महाग युनिट कोणते?

घरगुती बिल टप्प्यांनी वाढते : पहिली १०० युनिट, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. २०२४-२५ या वर्षी वहन आकार धरून पहिल्या १०० युनिटचा दर ५ रुपये ८८ पैसे होता आणि १०१ व्या युनिटपासून ११ रुपये ४६ पैसे. दर बदलत राहतात, म्हणून चालू दर बिलावर पाहावा. पण टप्प्यांची ही रीत समजून घ्यावी. १०० च्या पुढे गेले की सगळीच युनिट महाग होतात, हा समज चुकीचा आहे. महाग होतात ती फक्त वरची. त्या दराने १०० युनिटचे ५८८ रुपये झाले असते आणि पुढच्या फक्त ५० युनिटचे ५७३. त्यावर स्थिर आकार आणि १६ टक्के वीज शुल्क वेगळे. म्हणून बचत करायची ती या वरच्या युनिटांची.

एका घराचे गणित

समजा, एका शिंप्याच्या घरात ७५ वॉटचे तीन जुने पंखे रोज १२ तास चालतात. १,००० वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. या हिशेबाने पंख्यांचे महिन्याला ८१ युनिट झाले. चोकसह ५० वॉटच्या चार जुन्या ट्यूबलाइट पाच तास, म्हणजे ३० युनिट. फ्रीज सुमारे ३०. शिलाई मशीनची १०० वॉटची मोटर सहा तास, २६ दिवस, म्हणजे सुमारे १६. १,००० वॉटची इस्त्री रोज अर्धा तास, म्हणजे १३. टीव्ही, मिक्सर, मोबाइल मिळून १०. एकूण १८० युनिट.

येथे शिंपी बहुधा मशीनला दोष देतो. प्रत्यक्षात मशीन १६ आणि पंखे ८१! पंखे बीएलडीसी मोटरचे, सुमारे ३० वॉटचे घेतले तर ८१ चे ३२ होतात. ट्यूबच्या जागी २० वॉटच्या एलईडी पट्ट्या लावल्या तर ३० चे १२ होतात. ६७ युनिट वाचली आणि ती सगळी महाग टप्प्यातली. वरील दराने सुमारे ७६८ रुपये, शुल्क धरून ८९० च्या आसपास. तिन्ही पंखे एकदम घेण्याची गरज नाही. जो सर्वांत जास्त तास फिरतो तो आधी बदलावा. त्याच्या बचतीतून दुसरा घ्यावा.

उरलेली १३ युनिट शिस्तीने सुटतात. इस्त्री दर नगामागे तापवू नये, कपडे साठवून एकदाच करावी. बारीक शिलाई दिवसाच्या उजेडात, दाराजवळ बसून उरकावी. पाणी तापवण्याची कांडी अर्धा तास ठेवली की पाऊण युनिट जाते. तेथे उन्हात ठेवलेली काळी टाकी किंवा बंब बरा. कारखानी शिलाई मशीनची जुनी क्लच मोटर टाका पडत नसतानाही फिरत राहते, सर्वो मोटर पाय दाबल्यावरच फिरते.

धंदा घरात असेल तर

पुष्कळ कारागीर भीतीपोटी गप्प बसतात, म्हणून हे स्पष्ट लिहितो. राहत्या घराच्या एका भागात धंदा चालत असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत व वर्षाला ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर त्याला घरगुती दरच लागू होतो, अशी तरतूद आयोगाच्या ३१ मार्च २०२३ च्या दर आदेशात आहे. कोणी धाक दाखवला तर ही तरतूद पुढे ठेवावी. मात्र स्वतंत्र गाळ्याला घरातून वायर ओढणे हा अनधिकृत वापर ठरतो आणि कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते.

आकडा टाकण्याबद्दल तर बोलायलाच नको. कलम १३५ खाली त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्याआधी प्रश्न हलाल कमाईचा आहे. मापात मारणाऱ्याला आम्ही वाईट म्हणतो, मग मीटर चुकवणारा वेगळा कसा? चोरीच्या विजेवर शिवलेल्या कपड्याची मजुरी स्वच्छ कशी म्हणावी?

बिल चुकीचे आले तर

बिलावर मागील आणि चालू रीडिंग असते. ते स्वतः मीटरशी ताडून पाहावे. रीडिंग न घेता सरासरीने बिल आले असेल तर मीटरचा फोटो काढून लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. दोन महिन्यांचे रीडिंग एकदम आले असेल तर टप्प्यांचा लाभही दोन महिन्यांचा मिळाला की नाही ते पाहावे. तक्रार १९१२ क्रमांकावरही करता येते. दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल आहेत. पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीसाठी वीज तोडता येत नाही. बिल वादाचे असेल तर मागणीची रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम हक्क राखून भरल्यास, वाद सुटेपर्यंत वीज तोडता येत नाही. हे कलम ५६ मध्येच आहे. आणि बिल बरोबर असेल तर सात दिवसांत भरून एक टक्का सूट घ्यावी.

सौर पॅनेल आणि सूद

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा अधिकला ७८ हजार रुपये अनुदान ठरले. एक किलोवॉट महिन्याला साधारण १२० युनिट देतो. पण ज्याचे बिल मुळातच १०० युनिटच्या आत आहे, त्याने घाई करू नये, कारण त्याची वीज स्वस्त टप्प्यातलीच आहे. २०० ते ३०० युनिट वापरणाऱ्याला मात्र विचार करण्यासारखे आहे.

अडचण उरते रकमेची. बँकेचे कर्ज व्याजाचे असते. बिल वाचवण्यासाठी सूद गळ्यात बांधून घेणे आम्हाला रास्त वाटत नाही. भावकीतून किंवा बिनव्याजी संस्थेतून कर्जे हसना घ्यावे, किंवा विक्रेत्याशी सुरुवातीलाच एक किंमत पक्की करून हप्ते ठरवावेत. हप्ता चुकल्यास रक्कम वाढणार नाही, हे लेखी घ्यावे आणि व्यवहारापूर्वी जाणकार आलिमांना विचारावे.

इस्लामने इस्राफला मनाई केली आहे आणि कंजुषीलाही. आजारी म्हाताऱ्याचा पंखा बंद करणे ही बचत नव्हे. शिकणाऱ्या मुलीच्या डोक्यावरचा दिवा काढणे हीसुद्धा नव्हे. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा बंद करणे ही बचत. रात्री झोपताना दिवे विझवावेत ही ताकीद सहीह हदीसमध्ये आहे. तिचे कारण आगीपासून बचाव हे होते, पण ती सवय आजही तितकीच उपयोगी आहे.

एवढे एकच करून पाहावे : एक वही घ्यावी. दर जुम्याला नमाजनंतर मीटरचा आकडा त्यात लिहावा. आठवड्याला २३ युनिटच्या आत राहिले तर महिना शंभरात निघतो. हे काम घरातल्या शिकणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवावे. तीन महिन्यांत कोणते उपकरण किती खाते हे घरच्या सर्वांना कळेल आणि जे आठशे-नऊशे रुपये वाचतील ते धंद्याच्या भांडवलात पडतील, इन्शाअल्लाह.