आरमारी हेलिकॉप्टरचें शिक्षण

आकाशांत घिरट्या घालणारें हेलिकॉप्टर पाहून तें आपण चालवावें, अशी इच्छा तुमच्यापैकीं पुष्कळांच्या मनांत आली असेल. परंतु तें चालविण्यास शिकणाऱ्या तरुणाला प्रथम काय शिकावें लागतें, हें थोड्यांनाच ठाऊक असतें. यंत्र ताब्यांत येण्यापूर्वीं त्याला स्वतःच्या मनाची पहिली उसळी ताब्यांत आणावी लागते. तें कसें, हें या लेखांत पाहूं.

आपल्या नौदलाची हेलिकॉप्टर-शाळा तामिळनाडूंतील अरक्कोणम् येथें ‘आय. एन. एस. राजाली’ या तळावर आहे. हा तळ १९९२ सालीं सुरू झाला. तरुण सब-लेफ्टनंट तेथें येतात व सुमारें २२ आठवडे वर्गांत आणि आकाशांत अभ्यास करितात. जून २०२४ मध्यें सब-लेफ्टनंट अनामिका बी. राजीव यांनीं येथूनच वैमानिकाचें सोनेरी पंखचिन्ह मिळविलें. नौदलांतील त्या पहिल्या महिला हेलिकॉप्टर-वैमानिक होत.

या शाळेंतील शिक्षार्थ्यांच्या अनेक पिढ्या ‘चेतक’ या यंत्रावर तयार झाल्या. फ्रान्समध्यें १९५९ सालीं प्रथम उडालेल्या यंत्राच्या नमुन्यावर तें बंगळूर येथें बांधण्यांत आलें. त्याच्या माथ्यावर तीन पातीं असून त्यांच्या फिरण्याचें वर्तुळ सुमारें ११ मीटर व्यासाचें असतें. वैमानिकाच्या डाव्या हातांत एक दांडा असतो. तो वर ओढला असतां सर्व पात्यांचा कोन सारखाच वाढतो व यंत्र वर चढतें. उजव्या हातांतील दांड्यानें पात्यांचें वर्तुळ हव्या त्या बाजूस कलतें व यंत्र तिकडे जातें. आतां न्यूटनचा तिसरा नियम आठवा. चेतकचीं पातीं वरून पाहतां घड्याळाच्या कांट्यांप्रमाणें फिरतात. म्हणून त्याचें धड उलट दिशेनें फिरूं पाहतें. तें आवरण्यासाठीं शेपटावर लहान पंखा असतो व त्याचा जोर पायांनीं कमी-अधिक करावा लागतो. डावा हात वर गेला कीं नाक डावीकडे वळतें, म्हणून उजवा पाय दाबावा लागतो. त्यामुळें यंत्र बाजूस सरकतें, म्हणून उजवा हात हलवावा लागतो. एक चूक सुधारावी तों दुसरी उभी राहते.

यामुळें हवेंत एके जागीं स्थिर राहणें हाच आरंभींचा अत्यंत कठीण धडा होय. यंत्र डावीकडे सरकलें कीं नवशिका दांडा जोरानें उजवीकडे लोटतो. यंत्राला उत्तर देण्यास क्षणभर लागतो. तेवढ्यांत तो आणखी लोटतो. मग यंत्र लंबकासारखें झोके घेऊं लागतें व शेवटीं शिक्षकाला तें आपल्या हातीं घ्यावें लागतें. यावर उपाय असा कीं, दृष्टि जवळच्या जमिनीवर न ठेवतां दूर क्षितिजाकडे ठेवावी, हात अगदीं थोडा हलवावा आणि परिणामाची वाट पाहावी.

दुसरा धडा इंजिन बंद पडल्याचा. यंत्र खालीं जाऊं लागतांच तें वर ओढावें, असें मन सांगतें. तसें केल्यास पात्यांचा वेग मंदावतो व नाश ओढवतो. म्हणून डावा दांडा तत्काळ खालीं करावयाचा असतो. मग खालून वर येणाऱ्या हवेनें पातीं फिरत राहतात, आणि जमिनीजवळ त्यांच्याच सांठलेल्या वेगानें यंत्र हलकेंच उतरवितां येतें.

तिसरा धडा पाण्याचा. इंजिन व पात्यांचा भार वरच्या बाजूस असल्यामुळें समुद्रांत पडलेलें हेलिकॉप्टर बहुधा उलटें होतें. याचा सराव तलावांत बुडविल्या जाणाऱ्या पिंजऱ्यांत देतात. पट्टा सोडून झटकन् सुटावें असें वाटतें. पण जो लगेच सोडतो, त्याला वर-खालीं कळेनासें होतें. एक हात दाराच्या कडेवर ठेवून, यंत्र उलटून थांबेपर्यंत श्वास रोखून बसावें व नंतरच पट्टा सोडावा, असा नियम आहे.

रात्रीं समुद्रावर क्षितिज दिसत नाहीं. यंत्र एका बाजूस कलत असतांहि शरीर ‘सरळ आहे’ अशी खोटी साक्ष देतें. तेथें शरीरावर नव्हे, तर समोरच्या उपकरणांवर विश्वास ठेवावा लागतो.

एवढ्या कष्टांचें फळ काय? ऑगस्ट २०१८ मध्यें केरळांत महापूर आला असतां एक आसन्नप्रसवा स्त्री घरांत अडकली होती. कमांडर विजय वर्मा यांनीं घरावर हेलिकॉप्टर स्थिर धरलें व दोरानें तिला वर घेण्यांत आलें. त्याच दिवशीं तिला पुत्र झाला. पुढें एका घराच्या गच्चीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत आभार लिहिलेले दिसले. दोराला लोंबणाऱ्या त्या मातेचे व बालकाचे प्राण वैमानिकाच्या न हलणाऱ्या हातावर अवलंबून होते. मुंबईंत कुलाब्यास ‘आय. एन. एस. शिक्रा’ हा नौदलाचा हेलिकॉप्टर-तळ आहे. तेथील यंत्रें समुद्रावर जातांना दिसलीं, तर या हाताची आठवण ठेवा.

पालकांनीं या मार्गांतील धोका नाकारूं नये. तो खरा आहे. परंतु तेथील प्रत्येक धडा त्या धोक्याशीं आधींच ओळख करून देण्यासाठींच असतो. कांहीं शिक्षार्थी या शाखेंतून दुसऱ्या कामावर पाठविले जातात. त्यांत कमीपणा मानूं नये, कारण न जमणारें काम वेळींच कळणें यांतच सर्वांचें हित आहे. मुलामुलींनीं मात्र गणित व पदार्थविज्ञान मन लावून शिकावें, पोहावयास शिकावें, आणि राग किंवा भीति दाटून आली असतां लगेच कांहीं करण्यापूर्वीं क्षणभर थांबण्याची संवय आजच लावून घ्यावी.