टोचलेल्या कानाची काळजी

(दागिने घालण्यासाठी कान टोचण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. पण कान टोचणे म्हणजे शरीराला एक लहानशी जखम करणे होय. ही जखम कोणी करावी, कशी करावी आणि ती भरून येईपर्यंत कोणती काळजी घ्यावी, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलामुलींनो, समजा, तुम्ही नाशिक जिल्ह्यातील विंचूर गावात राहता. एप्रिल महिना आहे. शेतातून उन्हाळ कांदा निघत आहे. ट्रॅक्टर भरभरून कांदा विंचूरच्या आणि लासलगावच्या बाजारात जात आहे. रस्त्यावर धूळ आणि कांद्याची टरफले उडत आहेत. तुमच्या घरात मात्र वेगळीच गडबड आहे. आठ दिवसांनी आपाचे लग्न आहे. अम्मीने धाकट्या बहिणीसाठी सुंदर झुमके आणले आहेत. पण तिच्या कानाला भोकच नाही! अगदी लहानपणी टोचलेले भोक केव्हाच बुजून गेले आहे. नानी म्हणते, "त्यात काय मोठेसे? आजच सोनाराकडे ने. लग्नात झुमके घालता येतील."

तुम्ही बहिणीला घेऊन लगेच निघाल का? थांबा. आधी थोडा हिशोब करू.

कानाच्या खालच्या मऊ भागाला पाळी म्हणतात. पाळी टोचली, तर ती जखम पूर्ण भरून यायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. आणि लग्नाला तर आठच दिवस उरले आहेत. एवढ्यात जखम भरणार नाही. ओल्या जखमेत जड झुमका घातला, तर भोक ओघळेल, रक्त येईल, कदाचित पूही होईल. म्हणून लग्नात झुमके घालायचे असतील, तर कान निदान दोन महिने आधी टोचावेत. या लग्नात बहिणीला भोकाशिवाय चापाने बसणारे डूल घालता येतील. झुमके पळून जाणार नाहीत. ते पुढच्या ईदला घालता येतील.

कान टोचण्याची रीत काही आजची नाही. सुश्रुत हे प्राचीन भारतातील मोठे शल्यवैद्य होते. त्यांच्या ग्रंथात कान टोचण्याची कृती दिली आहे. बाळाचा कान डाव्या हाताने हलकेच ओढावा, सूर्यप्रकाशात त्याची पातळ जागा पाहावी आणि उजव्या हाताने सावकाश, सरळ टोचावे, असे त्यांनी सांगितले आहे. फार रक्त आले किंवा फार दुखले, तर चुकीच्या जागी टोचले गेले असे समजावे, असेही ते सांगतात. फाटलेली पाळी जोडण्याचे पंधरा प्रकारही त्या ग्रंथात आहेत. म्हणजे कान टोचण्यात चुका होतात, हे त्या काळीही माणसांना ठाऊक होते.

पूर्वी पुरुषही कानात दागिने घालत. तुमचे विंचूर गाव पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव यांच्याकडे होते. त्यांना विंचूरकर हे नाव या गावावरूनच मिळाले. त्या पेशवाईच्या काळात पुरुष कानाच्या वरच्या भागात मोत्यांची भिकबाळी घालत. मोगल बादशाह जहांगीर यानेही १६१४ साली आपले दोन्ही कान टोचून घेतले. तो आजारातून बरा झाला होता. अजमेरच्या ख्वाजा मुईनुद्दीन चिश्ती यांच्यावर त्याची श्रद्धा होती. आपण ख्वाजासाहेबांचे सेवक आहोत, हे दाखवण्यासाठी त्याने कानात मोती घातले. उर्दूत आज्ञाधारक सेवकाला 'हल्का-बगोश', म्हणजे कानात कडी असलेला, असे म्हणतात. तो शब्द तुमच्या ओळखीचा असेल.

आता कान टोचायचा कोणाकडे? मराठीत एक म्हण आहे, 'सोनारानेच कान टोचावे'. ज्याचे काम त्यानेच करावे, तरच ते नीट होते, असा तिचा अर्थ आहे. गावातील सोनाराचा हात सरावलेला असतो. सोन्याची बारीक तार तो पाळीतून अलगद आरपार नेतो आणि तिची गोल बाळी करतो. पण हात सरावलेला असला, तरी तेवढ्याने भागत नाही. हात आणि हत्यार स्वच्छही हवे. आपल्याकडे अनेक दवाखान्यांतही डॉक्टर कान टोचून देतात. कोठेही गेलात, तरी चार गोष्टी नीट पाहा.

पहिली गोष्ट, टोचणाऱ्याने साबणाने हात धुतले आहेत का? दुसरी, सुई किंवा तार नवी आणि निर्जंतुक आहे का? एकाला टोचलेली सुई दुसऱ्याला कधीही वापरू नये. तिच्यावर डोळ्यांना न दिसणारे रक्त असते. त्यातून कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांसारखे रोग पसरू शकतात. तिसरी, टोचण्याची जागा आधी पेनने दोन्ही कानांवर सारखी खूण करून आरशात दाखवली का? चौथी, धनुर्वाताची लस वेळेवर घेतली आहे का? सरकारी कार्यक्रमात ही लस बाळपणी आणि पुन्हा दहाव्या व सोळाव्या वर्षी मोफत देतात. तुमची लस राहिली असेल, तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातील नर्सबाईंना विचारा.

तुम्ही म्हणाल, सुई उकळली म्हणजे झाले! उकळत्या पाण्यात बरेच जंतू मरतात, हे खरे. पण धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. त्यांचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. दवाखान्यात हत्यारे बंद भांड्यात वाफेच्या दाबाखाली १२१ अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. तेव्हा हे बीजाणू मरतात. घरच्या कुकरमध्ये डाळ लवकर शिजते, तीही याच दाबामुळे. म्हणून पाकीटबंद, एकदाच वापरायची सुई सर्वांत चांगली.

कानात पहिल्यांदा काय घालावे, हेही महत्त्वाचे आहे. बाजारातील स्वस्त, चकचकीत दागिन्यांत अनेकदा निकेल हा धातू असतो. तो पुष्कळांच्या त्वचेला सोसत नाही. कान खाजतो, लाल होतो आणि चिघळतो. म्हणून पहिला दागिना चांगल्या सोन्याचा किंवा टायटॅनियमचा असावा. तो हलका आणि गुळगुळीत असावा. मागची फिरकी घट्ट आवळू नये. टोचल्यावर पाळी थोडी सुजते. तिला सुजायला जागा हवी. फिरकी घट्ट असली, तर ती मांसात रुतते.

आता कान टोचला. पुढचे काम सोनाराचे नाही, डॉक्टरांचेही नाही. ते आपले आहे.

कानाला हात लावण्यापूर्वी प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा. कांदा निवडून आलेले, धुळीने भरलेले हात कानाला लावू नका. एक कप पाणी उकळून थंड करा. त्यात पाव चमचा मीठ विरघळवा. जास्त मीठ घातल्याने जास्त फायदा होत नाही, उलट आग होते. या पाण्यात स्वच्छ मऊ कापड भिजवून दिवसातून दोन वेळा भोकाच्या दोन्ही बाजू पुसा. वाळलेली खपली आधी भिजू द्या, मग ती आपोआप निघेल. नंतर कान हलकेच टिपून कोरडा करा. वुजू करताना स्वच्छ पाणी लागले, तर काही बिघडत नाही. फक्त कान चोळू नका. विहिरीत किंवा कालव्यात पोहणे मात्र जखम भरेपर्यंत टाळा.

पुष्कळ जण सांगतात, "बाळी रोज फिरवत जा, नाहीतर चिकटेल." हे बरोबर नाही. भोकाच्या आत काय चाललेले असते, ते समजून घ्या. दोन्ही तोंडांकडून नवी त्वचा हळूहळू आत सरकत असते आणि एक बारीक नळी तयार होत असते. ही त्वचा फार नाजूक असते. बाळी फिरवली, की ती फाटते. तोंडाशी जखम आधी सुकते, आतली मागाहून सुकते. म्हणून बाहेरून कान बरा दिसला, तरी सहा आठवड्यांच्या आत बाळी काढू नका.

हळद आणि तेल लावावे की नाही? नानी ते प्रेमानेच सांगते. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि तिचे कण जखमेत अडकतात. तेलावर धूळ चिकटते. राख, टूथपेस्ट किंवा कडुनिंबाची काडी यांनीही अपाय होऊ शकतो. नानीला हे नम्रपणे समजावून सांगा. ओढणीचीही काळजी घ्या. तिचा धागा बाळीत अडकला, तर एका हिसक्यात पाळी फाटते. निफाड तालुक्यात हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडते. त्या वेळी लोकरीची टोपी किंवा मफलर काढताना विशेष जपा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऐका. समजा, तुमच्या बहिणीने यात्रेतल्या एका दुकानात कानाचा वरचा भाग बंदुकीसारख्या यंत्राने टोचून घेतला. घरी कोणाला विचारले नाही. चार दिवसांनी कान ठणकू लागला. अम्मी रागावेल, या भीतीने ती कानावरून ओढणी घेऊन फिरू लागली. तुम्हाला मात्र ते दिसले. "कोणाला सांगू नकोस," असे ती म्हणाली. तुम्ही काय कराल?

कानाचा वरचा भाग पाळीसारखा नसतो. तो कूर्चेचा बनलेला असतो. कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला वरच्या त्वचेकडून पोषण मिळते. त्यामुळे ती जखम भरायला सहा महिने ते एक वर्षही लागते. यंत्रातील बोथट खिळा जोराने घुसतो आणि कूर्चा चेचली जाते. तेथे जंतू शिरले, तर कूर्चा सडते. मग कान आकसतो आणि त्याचा आकार कायमचा बिघडतो. म्हणून वरचा कान यंत्राने कधीही टोचून घेऊ नये.

पहिले काही दिवस थोडी सूज येणे, थोडे दुखणे आणि पांढुरके पाणी येऊन त्याची खपली धरणे, हे साधारण आहे. पण लाली पसरू लागली, कान गरम लागला, ठणका वाढला, पिवळा किंवा हिरवा पू आला किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. विंचूरहून लासलगावचे ग्रामीण रुग्णालय जवळच आहे. बाळी स्वतः काढू नका. भोक बुजले, तर पू आतच कोंडतो. ती काढायची की ठेवायची, हे डॉक्टर ठरवतील. घरात कोणाच्या जखमेवर जाड, वाढत जाणारा वण उठत असेल, तर कान टोचण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगा.

तेव्हा त्या बहिणीचे गुपित तुम्ही ठेवू नका. अम्मीला सांगा. अम्मी कदाचित रागावेल. पण राग एका संध्याकाळी ओसरतो, बिघडलेला कान जन्मभर तसाच राहतो. दुखणे लपवून कोणाचेही भले होत नाही.

मुलांनो, मराठीत 'कान टोचणे' याचा आणखी एक अर्थ आहे. चुकणाऱ्याला वेळीच समज देणे, यालाही कान टोचणे असे म्हणतात. या पाठाने तुमचे कान थोडेसे टोचले असतील, तर ते दुखणार नाहीत. उलट उपयोगीच पडतील.

शब्दार्थ

शल्यवैद्य – शस्त्रक्रिया करणारा वैद्य
निर्जंतुक – ज्यावर जंतू नाहीत असे
बीजाणू – जंतूंचे टिकाऊ, सूक्ष्म रूप
कूर्चा – कानात व नाकात असलेला लवचीक, कडक भाग
चिघळणे – जखम बरी न होता वाढणे
ठणका – सतत होणारी तीव्र वेदना
तग धरणे – टिकून राहणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पाळीची जखम भरायला किती आठवडे लागतात?
(आ) जहांगीर बादशाहाने कान कोणत्या साली टोचून घेतले?
(इ) पहिला दागिना कोणत्या धातूचा असावा?

२. कारणे लिहा.
(अ) टोचलेल्या कानातील बाळी रोज फिरवू नये.
(आ) कानाच्या वरच्या भागाची जखम लवकर भरत नाही.

३. तुमच्या बहिणीने दुखणे लपवले, तर तुम्ही तिला काय सांगाल? पाच-सहा वाक्ये लिहा.

४. जखम, दवाखाना, दुकान, कागद हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आहेत. असे आणखी पाच शब्द शोधा व वाक्यांत उपयोग करा.

५. 'सोनारानेच कान टोचावे' या म्हणीसारखी उर्दूतील एखादी म्हण वर्गात सांगा व तिचा अर्थ मराठीत लिहा.