इंजिनाचे ऑइल : साधे की सिंथेटिक?



ऑइल बदलायची वेळ आली की दुकानदार दोन डबे पुढे ठेवतो. एक साधे, म्हणजे खनिज तेलाचे. दुसरे सिंथेटिक, बहुधा दुप्पट-तिप्पट किमतीचे. इंजिनाचे आयुष्य वाढेल म्हणून काहीजण महाग डबा घेतात आणि पैसे वसूल व्हावेत म्हणून तेच ऑइल दोन हंगाम ओढतात. पुढे ऐन उन्हाळ्यात, ऊस पाण्यावर असताना, इंजिन जाम होते. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

फरक कोणता? साधे ऑइल जमिनीतून निघणारे कच्चे तेल शुद्ध करून बनते. सिंथेटिक ऑइल कारखान्यात रासायनिक क्रियेने घडवतात. त्याचे कण एकसारखे असतात, म्हणून ते कडक थंडीत लवकर वाहते आणि फार उष्णतेत लवकर बिघडत नाही. हे गुण खरे आहेत. परंतु बेळगाव-खानापूर भागात पारा शून्याखाली जात नाही. शिवाय शेतातली धूळ, डिझेलची काजळी आणि ऑइलमध्ये उतरणारे डिझेल ही घाण दोन्ही ऑइलांत सारखीच साठते. ती बाहेर काढायचा उपाय एकच : वेळेवर ऑइल बदलणे.

निवड कशी करावी?

१. इंजिनाबरोबर मिळालेले पुस्तक पाहावे. त्यात लिहिलेला ग्रेड, उदाहरणार्थ १५डब्ल्यू-४०, आणि सीएच-४ किंवा सीआय-४ असा दर्जा डब्यावर आहे का, हे तपासावे. 'सी' हे अक्षर डिझेल इंजिनासाठी व 'एस' पेट्रोलसाठी असते.

२. पाण्याचा पंप व जुना ट्रॅक्टर यांना योग्य दर्जाचे साधे ऑइल पुरते. टर्बोच्या किंवा नव्या इंजिनाच्या पुस्तकात सिंथेटिकच सांगितले असेल, तर तेथे काटकसर करू नये.

३. मोटारसायकलचा क्लच बहुधा इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडलेला असतो. तिच्यात मोटारीचे ऑइल घातल्यास क्लच घसरतो. तिचे वेगळे ऑइल घ्यावे.

काळजी कशी घ्यावी? पुष्कळ ट्रॅक्टरांना २५० तासांनी ऑइल बदलायला सांगितलेले असते. आपल्या पुस्तकातला आकडा पाळावा व वापरलेले तास वहीत टिपावेत. काम कमी झाले तरी वर्षातून एकदा बदलावे. इंजिन थोडे गरम असताना ऑइल काढावे म्हणजे गाळही निघतो. फिल्टर बरोबरच बदलावा. मळणीच्या दिवसांत एअर क्लीनर वरचेवर साफ करावा.

रोज सकाळी सपाट जागी काडी काढून पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये असावी. डिझेल इंजिनात ऑइल काळे होणारच. त्याने घाबरू नये. परंतु ते दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे, आणि पातळी आपोआप वाढून डिझेलचा वास आला तर डिझेल उतरत आहे. दोन्ही वेळी इंजिन बंद ठेवून मिस्त्रीला बोलवावे.

आरोग्यासाठी : जळके ऑइल वर्षानुवर्षे अंगाला लागत राहिल्यास त्वचेचे रोग, कॅन्सरसुद्धा, होऊ शकतो. ते गुरांच्या जखमेवर लावू नये. ऑइलने भिजलेले फडके खिशात ठेवू नये. हात पेट्रोलने न धुता साबणाने धुवावेत. जळके ऑइल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतल्यास सगळ्या वाडीचे पाणी नासते. ते झाकणाच्या डब्यात साठवून परवानाधारक खरेदीदाराला द्यावे.

मत्तयच्या शुभवर्तमानातील दहा कुमारींचा दृष्टान्त आपण जाणतो. शहाण्या पाचजणींजवळ वेळेला तेल होते. ते महाग होते की स्वस्त, हे प्रभूने सांगितलेले नाही. तेव्हा ह्या रविवारी मिस्साहून परतल्यावर आपल्या इंजिनाची काडी काढून पाहा आणि मागच्या वेळी ऑइल कधी बदलले ते आठवा. आठवत नसेल, तर बदलायची वेळ झाली आहे असे समजा.