जवळचा मनोरा मुका, दूरचा बोलका

अकोल्याहून मूर्तिजापूरमार्गे अमरावतीला जाणारा महामार्ग तुमच्यापैकी अनेकांच्या पायाखालचा असेल. जून 2022 मध्ये याच मार्गावर 75 किलोमीटर लांबीचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. या रस्त्यावर मोबाइल फारसा रुसत नाही. दोन्ही बाजूंना कपाशी-तुरीची सपाट शेते आणि थोड्या थोड्या अंतरावर मनोरे. एका मनोऱ्याचा हात सुटण्याआधीच दुसरा आपला हात धरतो. पण अकोल्याहून अकोट, अंजनगाव करीत परतवाड्याला या आणि तिथून सातपुडा चढू लागा. मग रेंज म्हणजे काय चीज आहे ते कळते!

गेल्या हिवाळ्यात एका फिरत्या विज्ञान प्रदर्शनाबरोबर मी मेळघाटात गेलो होतो. प्रदर्शनाची बस म्हणजे चाकांवरचे घरच. पुढच्या भागात उपकरणे, मागे दोन बर्थ, एक शेगडी आणि पाण्याची टाकी. चालक काका आणि त्यांचा तरुण मदतनीस महिना महिना त्यातच राहत. मदतनीस बाहेरून पदवीचा अभ्यास करीत होता. त्याला परीक्षेचा अर्ज भरायचा होता आणि त्याच दिवशी शेवटची मुदत होती. आमचा मुक्काम होता सिपना नदीच्या खोऱ्यात, सेमाडोहला.

खरे तर दोन दिवसांपूर्वी परतवाड्यात तो अर्ज भरणारच होता. एका हॉटेलात कुलूप नसलेले फुकटचे वायफाय मिळत होते. "अनोळखी वायफायवरून पैसे भरू नकोस," असे म्हणून मीच त्याला थांबवले. त्यामुळे वर्ष बुडाले असते तर दोष माझ्याच माथी आला असता.

सकाळपासून त्याची खटपट चालू होती. शेवटी तो म्हणाला, "सर, दांड्या तं दोन दिसून राहिल्या, पण फोटोच जाऊन नाही राहिला."

आता गंमत पाहा. सर्वांत जवळचा मनोरा आमच्यापासून जेमतेम तीन किलोमीटरवर होता, पण मध्ये डोंगराची सोंड आलेली होती. दांड्या दिसत होत्या, म्हणजे मनोऱ्याचे बोलणे फोनला ऐकू येत होते. मग फोटो का जाईना?

याचे उत्तर असे की संभाषण दुतर्फा असते आणि दांड्या मात्र एकाच बाजूचे सांगतात. मनोऱ्यावरचा प्रक्षेपक काही दशक वॅट शक्तीने बोलतो. तुमचा फोन साधारणत: फार तर 0.2 वॅटने उत्तर देतो. रात्री लावायचा अर्ध्या वॅटचा दिवासुद्धा त्याहून अधिक वीज खातो. पाटलांच्या वाड्यावरून भोंग्यात दिलेली हाक शेतात ऐकू येते, पण शेतातल्या पोराचे "ओ" वाड्यापर्यंत पोचत नाही, तसाच हा प्रकार. मनोऱ्याचा कान तीक्ष्ण असतो, त्यामुळे दरी थोडीफार भरून निघते. पण मध्ये डोंगर आला की आधी फोनचे बोलणे बुडते. अर्जाचे पान उघडते, कारण ते मनोऱ्याकडून येते. फोटो जात नाही, कारण तो आपल्याकडून जायचा असतो.

डोंगर किती आडवा येतो? अंतर दुप्पट झाले की लहरीची तीव्रता चौथाई होते, हा व्यस्त वर्गाचा नियम तुम्ही शिकला आहात. तीन किलोमीटरऐवजी पंधरा किलोमीटर अंतर झाले, म्हणजे पाचपट, तर तीव्रता पंचवीसपट घटेल. आता समजा, तीन किलोमीटरच्या बरोबर मध्यावर, सरळ रेषेच्या 100 मीटर वर डोकावणारी धारदार कड आहे. विवर्तनाचे गणित करून पाहिले, तर 1800 मेगाहर्ट्झच्या लहरीची तीव्रता तिच्यामुळे सुमारे तीन हजार पट घटते! 900 मेगाहर्ट्झची लहर अधिक लांब, सुमारे 33 सेंटिमीटरची. ती कडेवरून जरा अधिक वाकते, म्हणून तिची घट याच्या निम्मी, दीड हजार पट. खऱ्या डोंगराची कड पात्यासारखी नसते, शिवाय त्यावर सागाची पाने असतात, तेव्हा आकडे थोडे इकडेतिकडे होतील. पण पंचवीस कुठे आणि हजार कुठे!

म्हणजे डोंगराआडच्या जवळच्या मनोऱ्यापेक्षा उघड्यावरचा दूरचा मनोरा बरा. हे फळ्यावर मी कितीदा शिकवले होते, पण त्या दिवशी सुचायला दुपार झाली. आधी मीही सगळ्यांसारखा फोन हातात धरून बसभोवती प्रदक्षिणा घालीत होतो.

बसमध्ये बसून खटपट करण्यात तर अर्थच नव्हता. बस म्हणजे पत्र्याचा डबा. विद्युतचुंबकीय लहरी धातूच्या पत्र्यावरून परावर्तित होतात आणि आत शिरतात त्या मुख्यत: खिडक्यांतून. म्हणून चाकांवरच्या घरात राहणारे लोक अँटेना छतावर बसवतात आणि तारेने आतल्या राउटरला जोडतात. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा अशी घरे आपल्याकडेही दिसू लागतील. आमच्या बसला मात्र अशी अँटेना नव्हती. "रेंज वाढवणारे" बूस्टर बाजारात विकले जातात, ते मात्र परवानगीशिवाय बसवणे आपल्या देशात बेकायदा आहे. त्यातले पुष्कळसे आपल्या आवाजाबरोबर गोंगाटही वाढवून मनोऱ्याच्या कानाशी ओरडत राहतात आणि शेजारपाजारच्या साऱ्यांचे बोलणे बुडवतात.

करून पाहा: घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात फोन ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून त्याला रिंग द्या. बहुतेकदा तो वाजतोच! हिरमुसू नका. झाकणाची बारीक पण लांब फट लहरींना पुरेशी असते. आता तोच फोन पोळ्या गुंडाळायच्या ॲल्युमिनियमच्या कागदात दोन-तीन पदर करून, कुठेही फट न ठेवता गुंडाळा आणि फरक पाहा.

दुपारी चालक काकांनी गाडी काढली आणि आम्ही घटांगमार्गे परत निघालो. घाट उतरू लागल्यावर एका वळणावर डोंगर बाजूला सरला आणि खाली परतवाडा-अचलपूरचा सपाट मुलूख पसरलेला दिसला. तिथले मनोरे सरळ रेषेत पंधरा किलोमीटर तरी दूर असतील. फोनवर सगळ्या दांड्या!

उंचीचा हा महिमा तुम्हीही मोजू शकता. जमिनीपासून h मीटर उंचीवरून क्षितिज किती किलोमीटरवर दिसेल, हे काढण्यासाठी h चे वर्गमूळ काढून त्याला 3.57 ने गुणायचे. मनोरा 40 मीटर उंच असेल तर त्याचे क्षितिज सुमारे 22.6 किलोमीटरवर. तुम्ही मैदानात उभे आहात आणि फोन दीड मीटर उंचीवर आहे, तर तुमचे क्षितिज 4.4 किलोमीटरवर. दोन्हींची बेरीज 27 किलोमीटर. त्यापलीकडे पृथ्वीचा फुगवटाच आड येतो. पण तुम्ही मैदानापेक्षा 400 मीटर उंच घाटात असाल, तर तुमचे एकट्याचे क्षितिज 71 किलोमीटरवर जाते. रेडिओ लहरी वातावरणात किंचित वाकतात, त्यामुळे त्यांचे क्षितिज याहूनही थोडे दूर असते.

फोटो गेला. आता शुल्क भरायचे होते. मदतनीस मिस्किलपणे म्हणाला, "सर, आता तं वायफाय नाही ना, भरू का पैसे?"

त्याच्या टोमण्याला उत्तर द्यायला हवे. रेडिओ लहर कोणाची खाजगी नसते; ज्याच्याकडे ग्राहक आहे तो ती ऐकू शकतो. कुलूप नसलेल्या वायफायवरचा मजकूर म्हणजे पोस्टकार्ड, वाटेतला कोणीही वाचू शकतो. मोबाइलच्या डेटाचे तसे नसते. सिमकार्डात एक गुप्त किल्ली असते, तिची जोडीदार कंपनीकडे असते, आणि फोन ते मनोरा हा प्रवास त्या किल्लीच्या आधारे सांकेतिक भाषेत होतो.

पण बँकेचे पान उघडताना तुमची आणि बँकेची आधी भेट झालेली नसते. मग गुप्त किल्ली ठरवायची कशी? यावर रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी 1977 मध्ये एक सुंदर युक्ती काढली. बँक जणू उघडी कुलपे जगभर वाटते. कुलूप दाबून कोणीही लावू शकतो, उघडायची किल्ली मात्र बँकेपाशीच. कुलूप म्हणजे एक मोठी संख्या आणि किल्ली म्हणजे तिचे मूळ अवयव. 61 गुणिले 53 किती, हे तुम्ही क्षणात सांगाल: 3233. पण नुसते 3233 देऊन अवयव विचारले तर घाम फुटेल. प्रत्यक्षात या संख्या सहाशेहून अधिक अंकी असतात. आज संकेतस्थळे याच्या जोडीला इतर युक्त्याही वापरतात, पण मर्म हेच: करायला सोपे, उलगडायला महाकठीण.

म्हणून प्रामाणिकपणे कबूल करतो, परतवाड्यात मी जरा अधिकच घाबरलो होतो. संकेतस्थळ बरोबर असेल आणि पत्ता 'एचटीटीपीएस'ने सुरू होत असेल, तर उघड्या वायफायवरही मजकूर बंद लिफाफ्यातून जातो. धोका दुसरीकडे असतो. हॉटेलाच्या नावाचे खोटे वायफाय कोणीही सुरू करू शकतो आणि तुम्हाला बनावट पानावर नेऊ शकतो. त्या बनावट पानालाही कुलूप असू शकते! लिफाफा बंद आहे एवढेच कुलूप सांगते. ज्या पत्त्यावर तो चालला आहे तिथला माणूस सज्जन आहे, असे ते सांगत नाही. म्हणून पत्त्यातले अक्षर न् अक्षर वाचायचे आणि ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता 1930 या क्रमांकावर कळवायचे.

मदतनीसाने पत्ता मोठ्याने वाचला, पैसे भरले आणि पावतीचा क्रमांक फोनवर विसंबून न राहता वहीत उतरवला. काकांनी तोवर शेगडीवर चहा टाकला होता. पुढच्या दौऱ्यासाठी दुसऱ्या कंपनीचे सिम घ्यावे, असे त्यांचे मत पडले. ते बरे आहे, पण अनेकदा दोन्ही कंपन्यांच्या अँटेना एकाच मनोऱ्यावर असतात. डोंगर दोघींच्याही आड येतो आणि वीज गेली तर दोघींचीही जाते.

चहा घेताना मी त्याला 8633 ही संख्या दिली आणि तिचे अवयव काढायला सांगितले. सेमाडोह येईपर्यंत त्याला ते सापडले नाहीत. वही-पेन्सिल घ्या, घड्याळ लावा आणि तुम्हाला किती वेळ लागतो ते पाहा.