प्रमाणपत्रात आजाराचं कारण लिहून घ्या

फायरमनला रजा मिळते की नाही, यापेक्षा ती कोणाच्या खात्यातून जाते हे जास्त महत्त्वाचं. बीड जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या अग्निशमन दलात माझी सगळी नोकरी गेली, शेवटी लीडिंग फायरमन म्हणून. आमच्या बंबावरच्या एका पोराची रजा कशी कापली गेली ते मी जवळून पाहिलं, आणि ते इतरांच्या वाट्याला येऊ नये असं मनापासून वाटतं.

जिनिंगची आग होती. आपल्याकडे दिवाळीनंतर कापूस भरात येतो, तेव्हा जिनिंगच्या आवारात सरकी, कापूस, रुईच्या गाठी सगळं एकमेकांना लागून असतं. ज्वाळा लवकर बसतात, खरं काम त्यानंतरचं. गाठ वरून विझलेली दिसते पण आत धुमसत असते. जेसीबीने ओढायची, पट्ट्या तोडायच्या, मोकळी करून पाणी मारायचं, मग पुढची. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोरं त्या धुरात उभी होती. बीए सेटचा, म्हणजे श्वसनयंत्राचा, सिलिंडर अर्ध्या-पाऊण तासात संपतो आणि तालुक्याच्या गावी तो लगेच भरून मिळत नाही. मग तोंडाला ओला रुमाल. रुमालाने राख अडते, कार्बन मोनॉक्साइड अडत नाही.

तो पोरगा घरी गेला तेव्हा ठणठणीत होता. धुराचं असंच असतं, फुप्फुसाला सूज यायला कधी कधी एक दिवसही लागतो. रात्री त्याला धाप लागली, घरच्यांनी जवळच्या दवाखान्यात नेलं. कार्यालयात आलेल्या प्रमाणपत्रावर लिहिलं होतं : ताप, खोकला, विश्रांतीची गरज. आगीचं नाव नाही. आमच्या वर्दी रजिस्टरला, म्हणजे आगीच्या कॉलच्या नोंदवहीत, गाडी निघाल्याची आणि परतल्याची वेळ होती, पण धुराने कोणाला त्रास झाल्याची ओळ नव्हती, कारण आम्ही परतलो तेव्हा त्रास सुरूच झाला नव्हता. आस्थापना विभागाने समोरच्या कागदाप्रमाणे परावर्तित रजा लावली.

परावर्तित रजेत पगार पूर्ण मिळतो, म्हणून घरी कोणी तक्रार करत नाही. पण नगरपालिकांच्या आस्थापनेत वापरले जाणारे महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 काय सांगतात ते पाहा. अर्धवेतनी रजा वर्षाला 20 दिवस, 1 जानेवारी आणि 1 जुलैला दहा-दहा जमा होते. परावर्तित रजा घेतली की तिच्या दुप्पट अर्धवेतनी रजा खर्ची पडते. म्हणजे दहा दिवस अंथरुणावर काढले की वर्षाची शिल्लक साफ. नगरपालिकेची आग विझवताना आलेल्या आजारपणाची किंमत त्या पोराने स्वतःच्या शिलकीतून भरली.

याच नियमांत विशेष विकलांगता रजा आहे. कर्तव्य बजावताना अपघाताने झालेली इजा तर तिच्यात येतेच, पण नेहमीच्या धोक्यापेक्षा जास्त धोका असलेलं विशिष्ट काम करताना जडलेला आजारही येतो. जास्तीत जास्त 24 महिने, पहिले 120 दिवस अर्जित रजेइतका पगार, आणि रजेच्या खात्याला धक्का नाही. अटी दोन-तीनच, पण कडक आहेत. त्रास घटनेपासून तीन महिन्यांच्या आत दिसायला हवा. तो कार्यालयाला विनाविलंब कळवायला हवा. आणि आजार त्या कामामुळेच झाला, असं वैद्यकीय अधिकाऱ्याने प्रमाणित करायला हवं. आमच्या पोराने नंतर या रजेसाठी केलेला अर्ज 'प्रमाणपत्रात कारण नमूद नाही' असा शेरा मारून परत आला, तो याच शेवटच्या अटीवर.

म्हणून वर्दीवरून आल्यावर छातीत जडपणा, डोकेदुखी, मळमळ, काळी थुंकी यांतलं काहीही असेल तर पहिलं काम स्टेशन डायरीत नोंद. त्रास रात्री घरी सुरू झाला, तर तिथूनच ड्युटीवरच्या फायरमनला फोन करून नोंद करायला लावा. मग शक्यतो सरकारी रुग्णालय गाठा. बीडचं जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. केसपेपर काढताना डॉक्टरांना स्वतः सांगा, 'साहेब, मी फायरमन आहे, काल जिनिंगच्या धुरात होतो, तेवढं लिहा.' दहा रुग्ण मागे उभे असताना डॉक्टर आपणहून विचारतीलच असं नाही. खाजगीत जावं लागलं तर तिथेही हेच सांगा. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या विनियमांप्रमाणे रुग्णाने कागद मागितले की डॉक्टरांनी 72 तासांत द्यायचे असतात आणि दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंदवहीही ठेवायची असते. मात्र न झालेल्या आजाराचा कागद कोणाकडूनही घेऊ नका. कार्यालय जिल्हा शल्यचिकित्सकांचं दुसरं मत मागू शकतं, आणि एका खोट्या कागदामुळे खऱ्या आजारी माणसाकडेही संशयाने पाहिलं जातं.

अर्ज आवक-जावक विभागातच द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. नुसत्या प्रमाणपत्राने रजेचा हक्क मिळत नाही, मंजुरी लागतेच. कामावर परतताना तंदुरुस्तीचा दाखला जोडा, नाहीतर हजर करून घेताना अडवतात आणि मधले दिवस अनधिकृत गैरहजेरीत जातात. कायमचं अपंगत्व आलं तर घाबरून राजीनामा लिहून देऊ नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 20 प्रमाणे सेवेत असताना अपंगत्व आलेल्याला शासकीय आस्थापना काढून टाकू शकत नाही, त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं.

या कागदांच्या झेरॉक्स निवृत्तीनंतरही फेकू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये अग्निशमनाचं काम कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. तो आजार वीस वर्षांनीही उठू शकतो आणि तेव्हा आपण कोणत्या धुरात उभे होतो ते सांगायला जुनी डायरीच लागते.

सगळ्यात उघड्यावर आहेत ती ठेकेदाराकडची पोरं. बंबावर तीही आमच्याच शेजारी होज धरतात, पण 1981 च्या नियमांतली रजा त्यांना नाही. त्यांचा आधार वेगळा. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत अग्निशमन दलाची नोकरी स्पष्ट लिहिलेली होती, ते संरक्षण पुढे 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतलं गेलं. दावा करायचा तर त्या दिवशी आपण त्या गाडीवर होतो हे आधी सिद्ध करावं लागतं, आणि हजेरीपत्रक ठेकेदाराच्या ताब्यात असतं. तेव्हा वर्दी रजिस्टरला आपलं पूर्ण नाव चढलंय का ते गाडी लावल्यावर लगेच बघा, आणि त्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये घेऊन ठेवा.