घरगुती संगणकासाठी डीव्हीडी रायटर : निवड आणि पारख

संगणकातील मजकूर, छायाचित्रे व ध्वनी तबकडीवर उतरवून ठेवणाऱ्या यंत्रास बाजारात ‘डीव्हीडी रायटर’ म्हणतात. ते विकत घेताना ग्राहक बहुधा दोनच गोष्टी विचारतो : किंमत किती आणि वेग किती. वस्तुतः तिसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. या यंत्राने आज लिहिलेले दहा वर्षांनी दुसऱ्या यंत्रास वाचता येईल काय? जमिनीचे कागद, शाळेचे दाखले, गेलेल्या माणसांचे आवाज अशा गोष्टी या तबकड्यांवर असतात, आणि त्यांची दुसरी प्रत पुष्कळदा कोठेच नसते.

तबकडी म्हणजे ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन पारदर्शक चकत्यांची जोडी होय. त्यांच्या मध्ये सेंद्रिय रंगद्रव्याचा एक थर व त्यावर चकाकणाऱ्या धातूचा अतिशय पातळ थर असतो. सुमारे ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा लेसर किरण रंगद्रव्यास जागोजाग तापवितो. तापलेल्या जागेवरून पुढे प्रकाश कमी परावर्तित होतो. असे ठिपके एका सर्पिल मार्गावर उमटत जातात. त्या मार्गाच्या शेजारच्या दोन वेढ्यांतील अंतर अवघे ०.७४ मायक्रोमीटर आहे; माणसाच्या एका केसाच्या रुंदीत असे शंभराच्या आसपास वेढे मावतील. तबकडी वेगाने गरगरत असताना भिंगाने नेमक्या त्याच वेढ्यावर खिळून राहावयाचे असते. भिंगावर धूळ बसली, किरण क्षीण झाला किंवा तबकडी थरथरली, तर ठिपके पुसट उमटतात.

म्हणूनच वेगाचा हव्यास व्यर्थ होय. एकपट वेगाने ४.७ अब्ज बाइटांची तबकडी भरावयास जवळजवळ तासभर लागतो, तर आठपट वेगाने सुमारे आठ मिनिटे. सोळापट वेगासाठी तबकडीला मिनिटास दहा हजारांच्या आसपास फेरे घ्यावे लागतात. त्यातून वाचतात ती दोन-तीन मिनिटे! सोळापट वेगाचे यंत्र घेण्यास हरकत नाही. ते आठपट वेगाने चालवावे एवढेच.

पुसट ठिपके लगेच लक्षात येत नाहीत, आणि खरा धोका येथेच आहे. अर्व्हिंग रीड व गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या सांकेतिक पद्धतीनुसार तबकडीवरील प्रत्येक १७२ बाइटांच्या ओळीस तपासणीचे १० बाइट जोडलेले असतात. त्यांच्या साहाय्याने वाचक यंत्र ओळीतील पाचपर्यंत चुका आपोआप दुरुस्त करते. सलग आठ खंडांतील १६६४ ओळींपैकी २८० पर्यंत ओळी सदोष असल्या तरी नवी तबकडी मानकाप्रमाणे चांगलीच गणली जाते. परंतु काळाच्या ओघात रंगद्रव्य झिजते व चुका वाढतात. काठावर उत्तीर्ण झालेल्या तबकडीस त्यासाठी फारशी सवड उरत नाही. काल विनातक्रार चाललेली तबकडी आज एकाएकी मुकी होते, त्याचे कारण हे. सबब लेखन संपताच पडताळणी करावी, आणि ती शक्यतो दुसऱ्या यंत्रावर. स्वतः लिहिलेले वाचणे हे कोणत्याही यंत्रास सोपेच जाते.

यंत्र कोणत्या हवेत राहणार, याचाही विचार हवा. चेन्नईच्या उत्तरेस कोसस्थलैयार नदीच्या मुखाशी वसलेले एन्नोर हे याचे उत्तम उदाहरण. तेथे बंगालच्या उपसागराची खारी, दमट हवा आहे. शिवाय औष्णिक वीजकेंद्रांची राख आहे. १९७० मध्ये सुरू झालेले तेथील जुने केंद्र २०१७ मध्ये बंद झाले, तथापि त्या परिसरातून राख गेली नाही. आपल्याकडे रत्नागिरीस खारी हवा आहे आणि चंद्रपुरास राख. एन्नोरच्या रहिवाशांच्या वाट्यास दोन्ही आली आहेत. संगणकाच्या पेटीतील पंखा तापलेली हवा बाहेर फेकतो, आणि तिची जागा घेण्यासाठी बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून आत शिरते. रायटरचे दार हीदेखील एक फटच होय. अशा गावी पेटीत बसविलेल्या यंत्राचे भिंग लवकर मळते. एरवी बसविलेला रायटर अधिक दणकट व बहुधा स्वस्त असतो. परंतु एन्नोरसारख्या ठिकाणी यूएसबीने जोडावयाचा सुटा रायटर घेऊन, काम संपताच तो सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे श्रेयस्कर. मात्र जुन्या यूएसबी खोबणीतून ५०० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह मिळण्याची हमी असते आणि लेखनाच्या वेळी सुट्या यंत्रास कधी त्याहून अधिक लागतो. म्हणून दोन टोकांची तार सोबत मिळते का ते पाहावे आणि लांबलचक जोडतार टाळावी.

चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वापरलेले रायटर स्वस्तात मिळतात. लेसर वापराने क्षीण होतो आणि बाहेरून पुसलेले यंत्र ते सांगत नाही. घासाघीस करण्यापूर्वी कोरी तबकडी पुढे करून दुकानातच ती भरून घ्यावी. उणे व अधिक या चिन्हांच्या तबकड्यांविषयी फार चिंता नको. पहिला प्रकार १९९७ चा, दुसरा २००२ चा, आणि आजची यंत्रे दोन्ही लिहितात.

तबकड्यांच्या खरेदीत मात्र काटकसर करू नये. एके काळी घरोघरी पोहोचलेली मोजर बेअर ही भारतीय कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. तिच्या नावाचा माल आज दिसला तर तो बहुधा वर्षानुवर्षे पडून राहिलेला समजावा. कोरी तबकडीही गोदामात जुनी होतेच.

डिसेंबर २०२३ मधील मिचाँग चक्रीवादळाच्या पुरात एन्नोर खाडीकाठच्या वस्त्यांत तेलमिश्रित पाणी शिरले. अशा पुरापुढे घट्ट झाकणाच्या डब्याचा भरवसा धरता येत नाही. प्रत्येक तबकडीच्या दोन प्रती काढून त्यांपैकी एक दुसऱ्या गावी नातलगांकडे ठेवावी, आणि तेथे ती वाचणारे यंत्र आहे ना, याची खात्री करावी. कारण नव्या लॅपटॉपमध्ये ते आता क्वचितच असते.