आई अचानक असंबद्ध बोलू लागली

प्रश्न : आई ७८ वर्षांची आहे. परवापासून भलतंच बोलते, मला ओळखत नाही. लघवीतला जंतुसंसर्ग असेल का?

उत्तर : असू शकेल, पण तिला आजच डॉक्टरांकडे न्या. दोन दिवसांत उद्भवलेल्या अशा गोंधळाला डेलिरियम म्हणतात. मूळ कारणावर उपचार झाले की तो बहुधा ओसरतो. ताप, लघवीला जळजळ असेल तर संसर्गाचा संशय बळावतो. मात्र उतारवयात काही त्रास नसतानाही लघवीत जंतू सापडतात, म्हणून नुसत्या रिपोर्टवर अँटिबायोटिक देऊन थांबणं मला धोक्याचं वाटतं. सोडियम, साखर, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, नवी झोपेची गोळी, सगळं पाहायला हवं. तोंड वाकडं झालं किंवा हात लुळा पडला, तर थेट रुग्णालय गाठा. तिचा चष्मा लावा, जवळ बसा, वाद घालू नका.